सात टिंब दहा

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेच राहिलं. त्या मोठ्या इस्पितळाच्या नऊही इमारतींत, तळघरातल्या वायरमनपासून वरच्या मजल्यावरच्या बड्या डॉक्टरांपर्यंत, सगळे त्यांना टिंबकाका म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. सगळे शहाणे लोक जिथे ‘पॉइंट’ म्हणतात तिथे हे गृहस्थ ‘टिंब’ म्हणायचे. सात टिंब नऊ. बारा टिंब चार टिंब दोन. फोनवर कोणाला आकडा सांगायची वेळ आली की एकेक टिंब असं ठासून उच्चारायचे की पलीकडचा माणूस फोन कानापासून हातभर लांब धरायचा.

काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर ज्या पेट्यांतून एकमेकांना जोडलेले असतात त्यांना स्विच म्हणतात. दिव्याचं बटण नव्हे. जिन्याखाली, कपाटात, छताच्या कोपऱ्यात बसवलेली लोखंडी पेटी, जिच्या पोटात तारांचं जुडगं शिरतं. प्रत्येक पेटीत तिचं एक सॉफ्टवेअर असतं आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला त्याच्या आवृत्तीचा आकडा असतो. आकडा फार जुना असला तर चोराला वाट मिळते, आणि पेटीला न मानवणारा असला तर पेटी रुसून बसते. अशा तीनशे बारा पेट्या होत्या. दर तीन महिन्यांनी काका एकेका पेटीशी जोडून घेत, एक ओळ टाइप करत, आलेला आकडा वाचत आणि लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरात लिहीत. त्याला अकरा दिवस लागत. गेली सव्वीस वर्षं हे चाललं होतं आणि या कामाचा कोणालाही पत्ता नव्हता, कारण काम नीट चाललं होतं.

टिंबाचा हट्टही उगाच नव्हता. “शाळेत सात पॉइंट दहा म्हणजे सात पॉइंट एक,” ते सांगायचे. “म्हणजे सात पॉइंट नऊपेक्षा लहान. माझ्याकडे सात टिंब दहा म्हणजे नवाच्या पुढचं दहावं. टिंब ही भिंत आहे. अलीकडची खोली वेगळी, पलीकडची वेगळी. ज्याला हे कळत नाही त्याने माझ्या पेट्यांना हात लावू नये.” हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते सुरू झाले की लोक माना डोलवत आणि मनात दुसरंच काहीतरी आठवत बसत. खरं सांगायचं तर काका थोडे कंटाळवाणे होते. चांगली माणसं बऱ्याचदा असतात.

त्यांच्या हाताखाली एक बाई होती, तिशी ओलांडलेली. तार ओढायला म्हणून कंत्राटावर आली, तेव्हापासून अॅल्युमिनियमची शिडी तिच्या खांद्यावरून उतरली नव्हती, म्हणून शिडीबाई. तिलाही त्या नावाचं काही वाटत नसे. काकांचे गुडघे बोलायला लागल्यापासून छताकडच्या पेट्या तिच्याच. वर चढून ती ओरडायची, “काका, दिवा हिरवा!” आणि खालून काका ओरडायचे, “हिरवा म्हणजे जिवंत, शहाणा नव्हे! आकडा सांग!”

तिचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आईचे दोन्ही पाय इतके सुजलेले की दोन वर्षांत ती म्हातारी खाली उतरली नव्हती. खिडकीतून रस्ता बघायची आणि कोणाकडे नवीन सायकल आली, कोणाचा कुत्रा मेला, हे मुलगी घरी आली की तिलाच सांगायची. शिडीबाईची कायम करण्याची फाइल त्या वर्षी वर गेली होती. कायम झाली की इस्पितळाच्या आवारातल्या क्वार्टरवर तिचा हक्क लागणार होता, आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. ती जेवणाच्या सुट्टीत वाकडी वाट करून त्या खोल्यांचं कुलूप बघून यायची.

“खोल्या केवढ्या आहेत ग?” काकांनी एकदा विचारलं.

“लहानच आहेत. पण काका, दारातून सरळ जमिनीवर पाय! एकसुद्धा पायरी नाही.”

फाइलवर सही व्हायची होती ती नव्या साहेबांची, महिनाअखेरीला.

हे साहेब तरुण होते, हुशार होते, आणि वाईट तर अजिबात नव्हते. मी हे मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीत साहेब आला की ऐकणारे लगेच त्याला पकडायला बघतात. त्यांना भिंतीवरच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसलेलं आवडायचं, एवढाच त्यांचा दोष. त्यांनी एक नवी यंत्रणा आणली. तिच्यात साचा भरायचा. अमुक जातीच्या पेटीवर अमुक आकडा किंवा त्याच्या पुढचा असला पाहिजे, अमुक ओळी असल्या पाहिजेत, असं एकदा लिहून ठेवलं की यंत्रणा तीनशे बारा पेट्या स्वतः विचारून येते आणि साच्यात बसणारीला हिरवा ठिपका देते, न बसणारीला लाल. काकांच्या अकरा दिवसांचं काम चार मिनिटांत.

“काका, तुमच्या डोक्यात जे आहे ते सगळं साच्यात उतरवायचं,” साहेब म्हणाले. “तुम्ही सांगा, या शिडीबाई टाइप करतील. मग तुम्हाला आराम.”

छपन्न वर्षांच्या माणसाला आराम देऊ करणं म्हणजे काय, ते काकांना समजत होतं. त्या संध्याकाळी घरी जेवताना ते बायकोला म्हणाले, “माझ्याच हातून माझा खड्डा खणून घेतायत.”

काकू ताट वाढता वाढता म्हणाल्या, “मग खणू नका.”

“साहेबांनी सांगितलंय.”

“मग कुरकुर करू नका. दोन्ही एकदम करता म्हणून तुमचं पित्त वाढतं.”

पुढचे दहा दिवस काका रजिस्टर घेऊन खुर्चीत बसले आणि शिडीबाई टाइप करत राहिली. ते शब्द मोजून बोलत, ती विचारून विचारून लिहायची. सगळ्यात मोठ्या जातीच्या पेट्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “सात टिंब नऊ किंवा पुढचं.” तिने तसंच भरलं. साच्यात त्या जागी एकच चौकट होती, आकडा आत टाकायचा, झालं. ती चौकट टिंबाला भिंत समजते की दशांश, हे तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काकांनीही विचारलं नाही. ते त्या दिवशी रुसलेले होते.

गुरुवारी दुपारी पहिली चाचणी झाली. पडदा भरून ठिपके आले. दोनशे अठ्ठ्याण्णव हिरवे, चौदा लाल. लाल ठिपक्यापुढे पेटीचं नाव आणि ‘जुनी आवृत्ती’ एवढंच. आकडा बघायचा तर आत जाऊन उघडावं लागे.

काकांनी ती चौदा नावं पाहिली आणि त्यांना उघडून बघायची गरज पडली नाही. चौदाच्या चौदा पेट्या प्रयोगशाळेच्या इमारतीतल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांत तारा जोडायची नवी कार्डं बसली. जुन्या सॉफ्टवेअरला ती ओळखता येईनात, म्हणून काकांनी स्वतः जिन्यात बसून एकेक पेटी पुढे नेली होती. काही सात टिंब दहावर, काही सात टिंब बारावर. इस्पितळातल्या सगळ्यात नव्या पेट्या त्या, आणि यंत्रणा त्यांना जुन्या म्हणत होती. सात पॉइंट एक! काकांना मनातल्या मनात हसू फुटलं. सव्वीस वर्षं ज्याच्यासाठी घसा फोडला ती चूक या चार मिनिटांच्या शहाणीने पहिल्याच दिवशी केली होती.

शिडीबाईने मागे वळून विचारलं, “काका, या चौदा खरंच जुन्या आहेत का हो? प्रयोगशाळेचं आपण गेल्या वर्षीच केलं ना?”

आणि काका म्हणाले, “असतील.”

बस्स, एवढंच. खोटं म्हणावं तर ते खोटंही नव्हतं. सोमवारी वरिष्ठांची बैठक होती, नवी यंत्रणा त्यांना दाखवायची होती, आणि काकांनी तेवढ्या अर्ध्या क्षणात सगळं रचून टाकलं होतं: साहेब पडदा दाखवतील, चौदा लाल ठिपके दिसतील, मग आपण लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडायचं आणि हळूच म्हणायचं, या तर सगळ्यात नव्या आहेत. मग कळेल, माणूस कशाला लागतो ते. सोमवारपर्यंत कोणाचं काय बिघडणार होतं? त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

चौदा पेट्या जुन्या निघाल्या असं शिडीबाईने गुरुवारीच साहेबांना कळवलं होतं. शनिवारी काकांची सुट्टी होती. सकाळी अकराला साहेबांनी शिडीबाईला फोन केला. सोमवारी मोठी माणसं येणार, पडदा हिरवागार हवा. त्या चौदा जुन्या निघाल्या आहेत ना, मग ‘दुरुस्त करा’ दाबा. यंत्रणेत तसं बटण होतं. ते दाबलं की जी पेटी साच्यात बसत नाही तिच्यात साच्यातली आवृत्ती आपोआप भरली जायची. शिडीबाईने क्षणभर विचार केला. काकांना फोन करावा का? पण सुट्टीच्या दिवशी काकांना कशाला त्रास, आणि विचारायचं ते तर तिने गुरुवारीच विचारलं होतं. तिने दाबलं.

चौदा पेट्यांनी सात टिंब नऊ गिळलं, बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि आपल्याच कार्डांना ओळखेनाशा झाल्या. प्रयोगशाळेची अख्खी इमारत बाकी इस्पितळापासून तुटली. रक्ताचे रिपोर्ट यंत्रांत अडकले. शस्त्रक्रियेच्या खोल्यांतून फोनवर फोन, वॉर्डबॉय कागद घेऊन पळतायत, शेकडो नमुने कोणाचे ते कळेना म्हणून ते फेकून पुन्हा सुया टोचाव्या लागल्या. एका लहान मुलीला तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा तिच्या बापाने काउंटरची काच फोडली. कोणी दगावलं नाही, हे सगळ्यांचं नशीब.

काका धावत आले. दुपारी दोन ते रात्री नऊ, ते खाली तार लावून बसले आणि शिडीबाई शिडीवर. एकेका पेटीत परत तिचं सॉफ्टवेअर भरायचं, ती उठेपर्यंत थांबायचं, पुढच्या जिन्याकडे जायचं. आठव्या पेटीपाशी तिचा आवाज वरून आला, अगदी बारीक.

“काका, माझंच चुकलं. मी एकदा उघडून बघायला पाहिजे होतं. तुम्ही ‘असतील’ म्हणालात, ‘आहेत’ कुठे म्हणालात?”

सांगून टाकावं, हीच वेळ आहे, असं काकांना वाटलं, आणि तेवढ्यात प्रयोगशाळेचे मोठे डॉक्टर ओरडत जिन्यात आले. ते निघून गेल्यावर वेळ होता. जवळजवळ तीन तास होता. काका बोलले नाहीत. आपण किती भेकड आहोत हे माणसाला छपन्नाव्या वर्षी कळलं तर त्याचं तो काय करणार?

सोमवारी बैठक झाली ती यंत्रणा दाखवायला नव्हे, चौकशीला. यंत्रणेतच सगळ्याची नोंद होती. चौकटीत आकडा कोणी भरला? शिडीबाई. बटण कोणी दाबलं? शिडीबाई. साहेबांनी मान खाली घालून सांगितलं की दाबायला आपण सांगितलं होतं; वरिष्ठ म्हणाले, तुम्हाला जुन्या आहेत असं कळवलं गेलं म्हणून तुम्ही सांगितलंत. कळवलं कोणी? शिडीबाई. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. रजिस्टर मांडीवर होतं. त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि न विचारता बोलण्याची ताकद त्यांच्यात आली नाही. तिची फाइल सहीविना परत आली आणि महिनाअखेरीला कंत्राट संपेल असं पत्र निघालं.

घरी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी विचारलं, “तुम्हाला गुरुवारी माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तिने तुम्हाला विचारलं होतं?”

“विचारलं होतं.”

“मग उद्या सकाळी पहिलं ते सांगा. आणि अहो, परत आल्यावर मला येऊन काही सांगू नका, मला ऐकवणार नाही.”

मंगळवारी सकाळी काका साहेबांपुढे उभे राहिले आणि बसायला सांगूनही बसले नाहीत. “मला गुरुवारीच माहीत होतं. तिने विचारलं, मी लपवलं. तुमची यंत्रणा सोमवारी सगळ्यांसमोर पडावी म्हणून लपवलं. काय शिक्षा असेल ती मला द्या.”

काकांकडे पाहता पाहता साहेबांचे डोळे भरून आले. “काका, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.”

“साहेब, मी खरं सांगतोय.”

“मला कळतंय हो. पोरीला घर मिळणार होतं, तुमचा जीव तुटतोय. माझाही तुटतोय. पण नोंदीत तुमचं नाव कुठेच नाही. मी काय लिहू?”

“माझं रजिस्टर बघा! सात टिंब दहा, माझ्या अक्षरात.”

साहेबांनी रजिस्टर उघडलं. चौदाही पेट्या, चौदाही आकडे, तारखेसकट, एका खाडाखोडीविना. ते थक्क झाले. “म्हणजे तुमचं सगळं बरोबर होतं,” ते म्हणाले. “यंत्रणा चुकली, ती पोर चुकली, मी चुकलो, बरोबर एकटे तुम्ही.” आणि ते रजिस्टर घेऊन ते स्वतः वर गेले. दोन दिवसांत हुकूम आला: यापुढे कोणताही साचा टिंबकाकांच्या सहीशिवाय चालू करायचा नाही, आणि निवृत्तीपर्यंत त्यांची जागा हलवायची नाही. जे हवं होतं ते सगळं मिळालं. काकांनी आपला गुन्हा लेखी अर्जात लिहून दिला, तोही स्वीकारला गेला. त्यावर वरून शेरा आला, ‘सहकाऱ्याबद्दलच्या सहानुभूतीपोटी केलेला अर्ज. दप्तरी ठेवावा.’

महिनाअखेरीला शिडीबाईने शिडी भांडारात जमा केली आणि पावती घेतली. त्या दिवशी काकांना तिच्यापुढे जायचं धैर्य झालं नाही. साहेबांना नाही पटलं तर नाही, तिला तरी कळलंच पाहिजे, असं म्हणत त्यांनी आणखी चार दिवस घालवले आणि मग एका रविवारी सकाळी ते तिच्या घरी गेले. चौथ्या मजल्यापर्यंत ते तीनदा थांबले. दुखरे गुडघे त्यांना बरे वाटत होते. कुठेतरी काहीतरी दुखायलाच हवं होतं.

दार तिनेच उघडलं. आतल्या खाटेवरून म्हातारीने मान उंचावली. “कोण ग?”

“काका आलेत.”

“टिंबकाका? आत घे त्यांना, आत घे!”

काका आत गेले नाहीत. दारातच त्यांनी बोलायला सुरुवात केली, पाठ केल्यासारखं, थांबलो तर पुन्हा जमायचं नाही म्हणून. “साहेबांनी तुला काय सांगितलं असेल ते असू दे. मी तुझ्यासाठी खोटं बोललो नाही. तू मला विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. नावं बघताच कळलं होतं. मी मुद्दाम बोललो नाही. माझ्या जागेसाठी.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आधी ती हसणार होती, नेहमीसारखं ‘काय काका’ म्हणून. ओठ तसे हललेही. मग तिला तो गुरुवार आठवत गेला असावा, कारण चेहरा हळूहळू बदलत गेला. तिने बाहेर येऊन पाठीमागे दार ओढून घेतलं, पूर्ण नाही, फटीपुरतं ठेवून.

“माहीत होतं?”

“हो.”

“शनिवारी, सात तास, मी वर चढून रडत होते तेव्हापण?”

“हो.”

खाली जिन्यात कोणीतरी बादली ठेवली, त्याचा आवाज वर आला. शिडीबाईने पदराने तोंड पुसलं. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर काकांना ते सोसलं असतं.

“हे तुम्ही मला सांगितलंत, झालं. आता कोणाला सांगू नका. आईला तर नाहीच. ती सारखी तुमचं नाव काढते. खिडकीतून शेजारणीला सांगते, माझ्या पोरीची नोकरी गेली, पण एक माणूस तिच्यासाठी साहेबाशी भांडला. तिला आता इथून खाली जाणं नाही काका. तेवढं तरी तिच्याजवळ राहू द्या.”

“अगं, पण मी...”

“आत या. चहा घ्या. दोन शब्द बोला आणि जा.” तिने दार उघडलं. “आणि पुन्हा येऊ नका.”

म्हातारीने त्यांना खाटेजवळ बसवून घेतलं आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे तळवे कोरडे आणि गरम होते. “देव तुमचं भलं करो,” ती म्हणाली. “हिला बाप नाही, भाऊ नाही. तुम्ही होतात म्हणून.” शिडीबाई पाठमोरी उभी राहून कपात चहा ओतत होती. काकांनी म्हातारीकडे पाहिलं, हात सोडवून घेतला नाही, आणि म्हणाले, “माझ्या मुलीसारखीच आहे ती.”